पिसांची माशी आणि लोखंडी जबडा

ट्राउट मासा पाण्यावरचे किडे टिपतो, म्हणून आकड्यावर पिसे आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी करायची, ही युरोपातली जुनी युक्ती. १४९६ साली विंकिन द वर्डने वेस्टमिन्स्टरला छापलेल्या ग्रंथात अशा १२ माश्यांची कृती आहे. शतकानुशतके हा आकडा धरला कोणी? बोटांनीच! आकडा धरणारा व्हाइस रुळला तो फार उशिरा.

विसाव्या शतकात अमेरिकेत थॉम्पसनचा 'मॉडेल ए' घरोघरच्या शिकाऊंचा सोबती झाला. टेबलाला आवळायचा, दांडी दाबली की जबडा मिटतो, इतके साधे यंत्र. त्याच्या स्वस्त नकला पुढे आपल्या भारतातूनही तिकडे गेल्या. कमी पैशांत शिकणाऱ्यांची त्याने सोय झाली. पण पोलाद मऊ असले की जबडा झिजतो आणि आकडा निसटतो.

गंमत म्हणजे ली वुल्फ (१९०५–१९९१) यांच्यासारखा नामांकित गळकरी व्हाइसशिवाय, बोटांत आकडा धरूनच माश्या बांधी. म्हणजे व्हाइसचे खरे काम एकच, दोन्ही हात मोकळे करणे. तेव्हा नवशिक्याने फिरत्या जबड्याच्या मोहात पडू नये. आकडा अडकवून बोटाने दाबून पाहावा. हलला, तर तो व्हाइस स्वस्त असूनही महागच पडला म्हणायचा!