‘डेल्को’ची गोष्ट : फियाटच्या इंजिनाची नाडीपरीक्षा

मुंबईतल्या जुन्या गॅरेजांत डिस्ट्रिब्यूटरला आजही ‘डेल्को’ म्हणतात. सुटा भाग कोणत्याही कंपनीचा असो, शब्द तोच. तो आला अमेरिकेतून. 1909 मध्ये ओहायो राज्यातील डेटन येथे चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिच्या आद्याक्षरांचा हा शब्द. केटरिंगची बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची प्रज्वलन पद्धत पुढे जगभर रूढ झाली. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून 1964 साली आलेली फियाट 1100 डिलाइट आणि 1974 पासून तिचेच ‘पद्मिनी’ हे रूप, दोन्ही याच पद्धतीवर चालत.

माझा प्रश्न असा : इंजिन नुकतेच बांधून आले आहे, तरी गाडी बंद पडते आणि फटके मारते. अशा वेळी मिस्त्री दोष कसा शोधत असे? ही विद्या कोणत्या अभ्यासक्रमातून नव्हे, टंचाईतून घडली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून 1089 सीसीचे तेच इंजिन रिंगा-पिस्टन बदलून पुन्हा पुन्हा बांधले जाई.

जुन्या मिस्त्रींशी बोलताना पहिला नियम सगळ्यांकडून ऐकला : जिथे हात लागला, तिथे आधी बघा. दुसरा नियम कानाचा. फटका कार्बोरेटरमधून येतो की सायलेन्सरमधून? कार्बोरेटरमधून आला, तर पेट्रोल कमी व हवा जास्त, टायमिंग चुकलेले किंवा इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सायलेन्सरमधून आला, तर न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन पेटते. ठिणगी उशिरा पडते किंवा मध्येच चुकते.

टायमिंगमध्ये एक खरी फसगत आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरते तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरते. त्यामुळे पुलीवरची खूण जुळली, तरी पहिला पिस्टन दाबाच्या शेवटी आहे की धूर बाहेर टाकण्याच्या, हे कळत नाही. मिस्त्री प्लग काढून भोकावर अंगठा धरी आणि इंजिन हाताने फिरवी. हवेने अंगठा ढकलला की तोच दाबाचा स्ट्रोक. डेल्को उलटा बसला असेल, तर इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागतानाच ठिणगी पडते. गाडी सुरूच होत नाही, नुसती कार्बोरेटरमधून फुरफुरते. म्हणून सुरू होऊन मग बंद पडणाऱ्या गाडीत दोष दुसरीकडे शोधायचा.

इथे तिसरा प्रश्न येई : थंड असताना की तापल्यावर? तापल्यावरच बंद पडत असेल, तर आधी कंडेन्सरवर संशय. गरम झाला की तो दगा देतो, ठिणगी दुबळी होते. दुसरा संशय टॅपेटवर. नव्याने बसवलेल्या व्हॉल्व्हना फट कमी ठेवली, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत, दाब गळतो आणि रेस सोडताच इंजिन विझते. मॅनिफोल्डचे गॅस्केट नीट बसले नसेल, तरी हेच होते. चालू इंजिनात त्या जोडावर थोडे ऑइल सोडत. आवाज बदलला, म्हणजे तिथून हवा शिरते.

या परीक्षेला फीलर गेज, टेस्ट लॅम्प, अंगठा आणि कान एवढीच साधने पुरत. कार्बोरेटरला हात मात्र सर्वांत शेवटी. कारण टॅपेट आणि टायमिंग चुकलेले असताना स्क्रू फिरवला, तर मूळ दोष झाकला जातो आणि शोधणारा भरकटतो.

पद्मिनीचे उत्पादन थांबल्यालाही आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. नव्या गाडीत पॉइंट नाहीत, डेल्को नाही. दोषाचा संकेत स्कॅनर वाचतो. गाड्या संग्रहालयात राहतील. पण कोणता प्रश्न आधी विचारायचा, हा क्रम संग्रहालयात ठेवता येत नाही. तो ज्यांच्या हातांत आहे, ती माणसे आता सत्तरीत आहेत. उद्योगाचा इतिहास आपण कारखानदारांच्या चरित्रांतून लिहिला. गॅरेजातली ही बाजू नोंदवायला फार वर्षे उरलेली नाहीत.