गाण्याचे शहर आणि ग्रंथांचे शहर : चेंबूरच्या निमित्ताने

शहराविषयीचे ग्रंथ आणि संगीताविषयीचे ग्रंथ या मराठीतील दोन परंपरा दीर्घकाळ एकमेकींपासून अलिप्त राहिल्या. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले आणि नगरवर्णन हा प्रकार मराठी गद्यात रूढ झाला. विष्णु नारायण भातखंडे यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चा पहिला भाग १९१० साली आणि चौथा १९३२ साली निघाला. गुरुशिष्यसंवादाच्या रूपातील या ग्रंथाने रागविचाराला शास्त्राची शिस्त दिली. भातखंडे वाळकेश्वरचे, शिक्षणाने वकील. १८७० साली स्थापन झालेल्या पारशी गायन उत्तेजक मंडळीत त्यांना अनेक गवयांचा सहवास लाभला. ज्या व्यवहारातून हा ग्रंथ उभा राहिला तो व्यवहार सर्वस्वी नागर होता. तथापि शहर हा ग्रंथाचा विषय झाला नाही.

हीच विसंगती घराण्यांच्या नावांत दिसते. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ने (१९६१) घराण्यांच्या सौंदर्यतत्त्वांची चिकित्सा मराठीत आणली. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, किराणा ही सारी नावे दूरच्या गावांची आहेत. पण त्या गायकीचे श्रोते, शिष्य आणि आश्रयदाते मोठ्या प्रमाणावर मुंबईत होते. अल्लादियाखाँ यांची अखेरची वर्षे मुंबईत गेली व १९४६ साली तेथेच त्यांचे निधन झाले. या नामव्यवस्थेला भेंडीबाजार हा ठळक अपवाद होय. मुरादाबादकडून आलेल्या बंधूंच्या गायकीला बाजारवस्तीचे नाव मिळाले आणि अंजनीबाई मालपेकर, अमान अलीखाँ यांच्या गाण्यातून ते प्रतिष्ठित झाले. शहराने घडविलेले गाणे शहराच्या नावाने ओळखले जाण्याचा हा दुर्मिळ प्रसंग.

एकविसाव्या शतकात इंग्रजी अभ्यासग्रंथांनी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ने (२००८) चित्रपटसंगीतातील वादक व संयोजक यांच्या श्रमाचा इतिहास मांडला. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ने (२०१२) मुंबईच्या जॅझयुगाचा, अनीश प्रधान यांच्या ‘हिंदुस्तानी म्युझिक इन कलोनियल बॉम्बे’ने (२०१४) वसाहतकालीन संगीतसंस्थांचा आणि तेजस्विनी निरंजना यांच्या ‘म्युझिकोफिलिया इन मुंबई’ने (२०२०) संगीतवेडातून घडलेल्या नागर व्यक्तित्वाचा शोध घेतला. या ग्रंथांत शहर ही निव्वळ पार्श्वभूमी राहिली नाही. श्रवणाची घडण करणारी शक्ती म्हणून ते पुढे आले. मात्र कालमर्यादेमुळे म्हणा वा साधनांच्या उपलब्धतेमुळे, या इतिहासाचा गुरुत्वमध्य जुन्या शहरातच, गिरगाव, काळबादेवी, ग्रँट रोड अशा वस्त्यांच्या परिसरात राहतो. उपनगर येते ते बहुधा कलावंताच्या निवासाचा पत्ता म्हणून.

चेंबूर या मांडणीची कसोटी पाहते. १९४८ साली राज कपूर यांनी आर. के. फिल्म्सची स्थापना केली आणि संस्थेचा स्टुडिओ चेंबूरला उभा राहिला. ‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’ (१९५५) यांनी देशभरच्या प्रेक्षकांच्या मनात महानगराची जी प्रतिमा रुजविली, तिच्या गाण्यांमागे शैलेंद्र हे माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरी केलेले कवी आणि सेबॅस्टियन डिसोझा हे गोव्याचे संयोजक होते. दुसरा प्रवाह दाक्षिणात्यांचा. माटुंगा-शीव परिसरात १९५२ साली षण्मुखानंद सभा स्थापन झाली. त्यानंतर दहा वर्षांनी चेंबूरमध्ये फाइन आर्ट्‌स सोसायटी निघाली आणि कर्नाटक संगीताच्या श्रोतृवर्गाला उपनगरात स्वतःचे घर मिळाले. तिसरा प्रवाह सिद्धार्थ कॉलनीसारख्या बौद्ध वस्त्यांमधील भीमगीतांचा, गायनपार्ट्यांचा आणि जयंतीच्या रात्रींचा.

हे तिन्ही प्रवाह एकाच उपनगरातून वाहतात. त्यांचे इतिहासलेखनातील भवितव्य मात्र सारखे नाही. चित्रपटगीताला ध्वनिमुद्रिका असते, श्रेयनामावली असते. सभेला कार्यक्रमपत्रिका, स्मरणिका, सभासदांच्या नोंदी असतात. गायनपार्टीच्या गाण्याला असते ती चार-सहा पानांची स्वस्त पुस्तिका. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ती विकली जाते, आणि तिच्यावर प्रकाशनवर्ष असेलच असे नाही. पुढे कॅसेट आली; तीही ग्रंथालयात पोहोचली नाही. वामन कर्डक यांच्यासारख्या थोड्या लोककवींचे संग्रह निघाले, ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे आत्मकथनही उपलब्ध आहे. पण उपनगरी वस्त्यांतील बहुसंख्य गायकांच्या वाट्याला ग्रंथरूप आले नाही. शर्मिला रेगे यांनी २००८ च्या एका लेखात या पुस्तिका आणि गीते यांना दलितांच्या प्रतिसार्वजनिक क्षेत्राची साधने मानले. त्या निरीक्षणातून संगीतेतिहासाची पद्धतच बदलावी लागते, ही गोष्ट समीक्षेने अद्याप पुरेशी मनावर घेतलेली नाही.

येथे वाङ्मयीन परंपरेचा दाखला उपयोगी ठरतो. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी लावणीतून मुंबईच्या वैभवाचे वर्णन केले. चेंबूरलगतच्या घाटकोपरात, चिरागनगरच्या झोपडीत राहणाऱ्या अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी तोच रचनाप्रकार स्वीकारून मुंबईची लावणी लिहिली आणि त्याच शहरातील विषमता उघडी केली. नगरवर्णन हा गद्यग्रंथांचा मक्ता नव्हता. गाणे हेच शहराविषयीचे भाष्य होते, आणि त्या भाष्याला स्वतःची पूर्वपरंपरा व स्वतःचे खंडनमंडन होते. असे गाणे ‘प्रचारगीत’ या कप्प्यात टाकले की समीक्षकाला त्यातील युक्तिवाद वाचण्याची गरज उरत नाही.

या उपेक्षेची किंमत १९९७ साली दिसली. ११ जुलै रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच मुलुंडच्या वस्तीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पूर्व उपनगरांतील शाहिरीचा शोध घेणारे पुढचे मोठे काम एका माहितीपटाने केले. आनंद पटवर्धन यांनी १४ वर्षे चित्रण करून २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला. वस्तीतील गाणे त्यात सजावटीसाठी येत नाही; साक्ष म्हणून येते. जे काम ग्रंथांनी करावयाचे ते चित्रफितीला करावे लागले, यात ग्रंथव्यवहाराच्या साधनविषयक संकुचितपणाचा पुरावा आहे.

म्हणून चेंबूरवर एक प्रकरण वाढविल्याने प्रश्न सुटणार नाही. कागदाला पुरावा आणि कंठाला केवळ आठवण मानणारी श्रेणी बदलावी लागेल. पुस्तिका, कॅसेट आणि गायकांच्या मुलाखती यांना सभेच्या स्मरणिकेइतकेच चिकित्सेचे निकष लावावे लागतील. आर. के. स्टुडिओ २०१७ साली आगीत जळाला, आणि २०१९ साली ती जागा एका बांधकाम कंपनीकडे गेली. त्या स्टुडिओची गाणी मात्र सुरक्षित आहेत, कारण त्यांची प्रत आहे. वस्तीतल्या गायकाच्या गाण्याची प्रत बहुधा गायक हीच असते. त्याच्यामागे ते गाणे उरेल की नाही, हे आता संग्राहक आणि समीक्षक त्याच्याकडे केव्हा वळतात यावर अवलंबून आहे.