हिरडा: रंगाच्या इतिहासातलं न दिसणारं झाड

हिरडस मावळ म्हटलं की आपल्याला बाजीप्रभू आठवतात, बांदल आठवतात, रोहिडा आठवतो. भोर तालुक्यातल्या हिर्डोशीच्या खोऱ्यात आजही हिरडा आहे, आणि दोन्ही नावांत तो ऐकूही येतो. पण नुसत्या नावाच्या साम्यावर इतिहास उभा राहत नाही. तेव्हा नाव बाजूला ठेवू आणि झाडाकडे वळू.

नैसर्गिक रंग म्हटलं की नीळ, मंजिष्ठा, हळद असं उत्तर येतं. हिरडा कुणी सांगत नाही, कारण तो स्वतः फिकट पिवळसर छटेपलीकडे फारसा रंग देत नाही. त्याचं काम वेगळं. सुती कापडावर तुरटी नीट टिकत नाही. हिरड्याच्या फळात साधारण ३० टक्के टॅनिन असतं. ते सुताला धरतं, तुरटी टॅनिनला धरते आणि मंजिष्ठाचा लाल रंग तुरटीला. ही साखळी तुटली की रंग धुण्यात जातो.

हाताने चितारलेल्या कलमकारीतही सुरुवात हिरड्यानेच होते. कापड हिरडा आणि दुधात भिजवून वाळवतात. मग गूळ आणि गंजलेलं लोखंड आंबवून केलेलं पाणी कलमेने लावलं की रेघ काळी उमटते. दुधातल्या स्निग्धतेमुळे ती फुटत नाही.

आता संशोधनाचा प्रश्न. हा हिरडा कागदपत्रांत कुठे शोधायचा?

पहिली अडचण रकान्यांची. जुन्या जिल्हा गॅझेटियरात रंगारी आणि निराळी भेटतात लोकसंख्येच्या प्रकरणात, जातींच्या यादीत. झाडं भेटतात उत्पादनाच्या प्रकरणात. म्हणजे रंगवणारा एका पानावर आणि रंग टिकवणारं झाड दुसऱ्याच पानावर. दुसरी अडचण शब्दाची. मुंबई बंदरातून हिरडा युरोपात जायचा, मुख्यतः कातडी कमावण्यासाठी. त्या इंग्रजी तक्त्यांत त्याचं नाव ‘मायरोबॅलन’. फक्त ‘हिरडा’ शोधलात तर हाती काही लागणार नाही. तिसरी अडचण हद्दीची. आजच्या भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांचा बराचसा मुलूख ८ मार्च १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता. त्यामुळे ब्रिटिश पुणे जिल्ह्याची कागदपत्रं चाळून काम संपत नाही.

तिन्ही अडचणी ओलांडल्या तरी बंदराच्या तक्त्यात दिसतं ते वजन आणि किंमत. डोंगरात फळं वेचणारी, उन्हात वाळवणारी माणसं तिथे नाहीत.

कातकऱ्यांचं उदाहरण घ्या. नावातच कात आहे. खैराच्या लाकडापासून काढलेला कात विड्यात जातो, तसा कापडाला तपकिरी रंगही देतो. वसाहतकाळातल्या वनकायद्यांनी खैर तोडायला बंदी आली आणि हा धंदा मोडला. रंगाचा इतिहास सांगताना आपण १८५६ साली पर्किनला सापडलेला कृत्रिम जांभळा आणि १८९७ साली बाजारात आलेली जर्मन नीळ सांगतो. कारखान्याने रंगाऱ्याला मारलं, ही गोष्ट खरीच. पण कातकऱ्याचा कात कारखान्याच्या आधी कायद्याने अडवला.

रकान्यांचा हा प्रश्न जुन्या दप्तरापुरता नाही. याच सह्याद्रीत उत्तरेला, जुन्नर-आंबेगावात, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचं मोठं नुकसान झालं. भरपाईसाठी तिथल्या आदिवासींना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. बागेतला आंबा पडला तर नोंद कुठे करायची हे ठरलेलं असतं. हिरड्याचं तसं नसतं.

म्हणून विषय निवडताना एक करून बघा. वस्तू कोणती, हे ठरलं की ती कोणकोणत्या नावांनी, कोणत्या रकान्यांत आणि कुणाच्या हद्दीत नोंदली गेली याची यादी करा. आणि त्या यादीत कोण कुठेच नाही, तेही लिहून ठेवा. प्रबंधाचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच सापडतो.