खीळ, आटे आणि हाताचा अंदाज

‘खीळ’ या शब्दाला मराठीत दोन परस्परविरोधी अर्थ लाभले आहेत. ‘कामाला खीळ बसली’ असे आपण म्हणतो तेव्हा खीळ म्हणजे अडथळा. परंतु आखाच्या टोकाची खीळ चाकाला जागेवर ठेवते. तिच्यामुळेच गती शक्य होते. अध्यात्मरामायणात रथाच्या आखाची खीळ तुटताच कैकेयी तिथे आपला हात घालते आणि पुढे दोन वरांची धनी होते. वाल्मीकींच्या कथेत ही खीळ नाही. तिथे ती जखमी राजाला रणांगणातून दूर नेते. साऱ्या कथेचे वळण एका तुटलेल्या खिळीवर टेकवणाऱ्या उत्तरकालीन कवीला जोडणीचे मोल नेमके उमगले होते, असे आम्हांला वाटते.

बैलगाडीची खीळ गाडीवानाला डोळ्यांनी दिसे. मोटारीत ती गाडीच्या पोटाखाली गेली आणि तिची जागा आट्यांनी घेतली. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी 55 अंशांच्या आट्यांचे प्रमाण मांडले. त्यापूर्वी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच असे नव्हते. आट्यांचा आकार असा ठरला, पण नट किती आवळायचा हे मात्र कारागिराच्या दंडातच राहिले. त्या अंदाजाला आकड्यात आणणाऱ्या टॉर्क पान्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनरॅड बार यांना दिले जाते. काळ 1918 चा.

समीक्षेत आपण ‘घट्ट बांधणी’ हा गौरव समजतो. यंत्राच्या जगात घट्टपणालाही मर्यादा आहे. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि तो ताणच दोन भागांना धरून ठेवतो. ताण कमी पडला तर सांधा हलू लागतो. अधिक झाला तर बोल्ट कायमचा लांबतो किंवा तुटतो. स्टिअरिंगच्या टाय रॉडला खाचांचा नट असतो, त्यातून कॉटर पिन ओवतात. ठरलेल्या आकड्यावर छिद्र जुळले नाही, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा. मागे सोडायचा नाही. सस्पेन्शनच्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडीचा भार चाकांवर असतानाच अखेरचे आवळायचे. चाके अधांतरी असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते.

रायगडच्या किनाऱ्यावर या नियमांना खाऱ्या हवेची कसोटी लागते. पान्याला लावलेल्या जोराचा फार मोठा भाग, ढोबळमानाने नऊ दशांश, घर्षणातच खर्च होतो. प्रत्यक्ष ताणासाठी थोडाच उरतो. अलिबाग-मुरूडच्या दमट, खाऱ्या वाऱ्यात आटे गंजले की घर्षण वाढते. पाना अपेक्षित आकडा दाखवतो आणि पकड मात्र अपुरीच राहते. उलट, कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावून गाठला, तर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. म्हणजे आकडाही संदर्भावाचून वाचता येत नाही. आटे आधी साफ करावेत, गंजलेला बोल्ट बदलावा आणि मगच आकड्यावर विसंबावे.

मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी रो-रो बोटीने थेट मांडव्याला उतरू लागल्या. रस्त्याने येणाऱ्यांच्या वाट्याला मुंबई-गोवा महामार्ग; त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे 2011 साली सुरू झालेले चौपदरीकरण तपाहून अधिक काळ रेंगाळले. प्रत्येक खड्ड्याचा हादरा त्या न दिसणाऱ्या सांध्यांना सोसावा लागतो. टाय रॉड निखळला तर चालकाच्या हाती चक्र उरते, दिशा नव्हे; आणि तिथे हात घालून रथ सावरणे कोणत्याही कैकेयीला शक्य नाही. गाडीखाली आडवा होऊन, आटे घासून, आकडा पाहून नट आवळणाऱ्या माणसावर आपण जीव सोपवलेला असतो. आपल्या कथा-कादंबऱ्यांतून वाहने पुष्कळ धावतात. हा माणूस त्यांत क्वचितच भेटतो.