पुन्हा कामावर रुजू : ऐतिहासिक रहस्यकादंबरीतील थकलेला शोधक

रहस्यकथेच्या रूढ संरचनेत गुन्हा हा व्यवस्थेला गेलेला तडा असतो. सत्य उघड झाले की तो सांधला जातो. ही संरचना व्यवस्था मुळात न्याय्य आहे असे गृहीत धरते. व्यवस्थाच गुन्हेगार असेल तर शोधकार्याला कोणता अर्थ उरतो? ऐतिहासिक रहस्यकादंबरी हा प्रश्न विशेष तीव्रतेने विचारू शकते. कारण त्या व्यवस्थेचा पुढचा इतिहास तिच्या वाचकाला ठाऊक असतो. फिलिप केर (१९५६-२०१८) या स्कॉटिश लेखकाची ‘द पेल क्रिमिनल’ (१९९०) ही कादंबरी या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

कादंबरी घडते १९३८च्या बर्लिनमध्ये. निवेदक बर्नी गुंथर पहिल्या महायुद्धात लढलेला आहे. नात्सी सत्तेवर आले त्या १९३३ साली पोलिसदल सोडून तो खाजगी गुप्तहेर झाला. शहरात किशोरवयीन मुलींचे खून होऊ लागतात आणि हायड्रिश त्याला गुन्हेशोधक पोलिसांत, म्हणजे ‘क्रिपो’त, परत आणतो. क्रिपो आणि गेस्टापो १९३६ पासून याच हायड्रिशच्या अधिकाराखाली एकत्र आलेले होते, ही वस्तुस्थिती येथे लक्षात घेतली पाहिजे. गुंथरला नकार देण्याची मुभा जवळजवळ नाहीच.

रेमंड चँडलरच्या मार्लोचा थकवा हा व्यवस्थेपासून राखलेल्या अंतराचा थकवा आहे. त्या अंतरातच त्याची नैतिकता सुरक्षित राहते. गुंथर कामावर परततो तेव्हा नेमके हे अंतर नाहीसे होते. त्याचा उपरोध शाबूत राहतो, परंतु तपासासाठी लागणारा अधिकार तो ज्यांच्याकडून घेतो ते स्वतःच मोठ्या गुन्ह्याची तयारी करीत असतात.

तपासाअंती उलगडते ते असे : ज्यूंविरुद्ध दंगल पेटावी म्हणून एस.एस.मधीलच काहींनी हे खून घडवले आहेत. कट उधळला जातो. तथापि पॅरिसमध्ये जर्मन राजनैतिक अधिकारी फॉम राट याच्यावर झालेल्या गोळीबाराचे निमित्त करून ९ नोव्हेंबर १९३८च्या रात्री ती हिंसा घडतेच. रहस्य सुटते, अनर्थ टळत नाही. सत्य आणि न्याय यांची रहस्यकथेने गृहीत धरलेली सांगड येथे तुटते.

यावर एक आक्षेप संभवतो. असा सज्जन शोधक वाचकाला नात्सी राजवटीत उभे राहण्यासाठी एक सोयीस्कर जागा देतो. ‘आपणही असेच वागलो असतो’ या समाधानाची. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. मात्र केरने पुढे ही जागा गुंथरकडूनच काढून घेतली. क्रिपोचा प्रमुख आर्थर नेबे याने १९४१ साली पूर्व आघाडीवर ‘आइन्झाट्सग्रुप्प बी’ या हत्यापथकाचे नेतृत्व केले, हा इतिहास आहे. मालिकेत गुंथरही त्या वर्षी नेबेच्या हाताखाली मिन्स्कला गेलेला दिसतो. १९९१ नंतर थांबलेली ही मालिका केरने २००६ साली पुन्हा सुरू केली, तेव्हापासून गुंथरचा हा भूतकाळ अधिकाधिक ठळक होत गेला.

१९३८ मधील ‘परत येणे’ म्हणूनच एका प्रकरणापुरते राहत नाही. खुनी शोधण्यासाठी उघडलेले कार्यालयाचे दार पुढे मिन्स्कच्या वाटेवर निघते. गुंथरच्या थकव्याला केवळ स्वभावविशेष मानणे त्यामुळे अपुरे आहे. आपण कोणासाठी काम करतो हे ठाऊक असूनही काम चोख करणाऱ्या माणसाचा तो थकवा आहे.