घाटातली तार आणि अमेरिकेची मालगाडी

मंडळी, आपल्या आखाडा बाळापुरात रूळ नाहीत. गाडी धरायची तर हिंगोली नाहीतर नांदेड गाठावे लागते. तरी विषय रेल्वेचाच घेतला आहे. ज्या अमेरिकेने डोंगरात विजेवर मालगाड्या ओढून दाखवल्या, तिनेच पुढे ती तार का उतरवली?

आधी आपला घाट पाहू. बोरघाट काय नि थळघाट काय, चढ 37 फुटांना 1 फूट. वाफेचे इंजिन तिथे धापा टाकायचे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी जीआयपी रेल्वेने व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी चालवली आणि 1930 पर्यंत तार पुण्याला व इगतपुरीला पोचली. मालगाड्यांसाठी लांब नाकाडाची, वळणावर अंग मुडपणारी इंजिने आली. लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. उतारावर हा खेकडा वीज तयार करून तारेत परत सोडायचा. म्हणजे उतरणारी गाडी चढणारीला हात देई. आम्हाला ही गोष्ट फार आवडते.

मग तार थांबली. इगतपुरीहून भुसावळकडे सरकायला 1960 चे दशक संपत आले. तीही वेगळी: घाटात 1500 व्होल्ट डीसी, पुढे 25,000 व्होल्ट एसी. इगतपुरीला इंजिन बदलणे आले.

अशीच अडचण अमेरिकेत मिलवॉकी रोड कंपनीची होती. मोंटाना ते वॉशिंग्टन राज्यांतल्या डोंगरांत तिने सुमारे साडेसहाशे मैल तार ओढली, पण मधला दोनशेहून अधिक मैलांचा तुकडा कोराच राहिला. डिझेल आले तसे एकच इंजिन या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागले. शिवाय खांब, तारा, उपकेंद्रे सांभाळायला नकोत. जून 1974 मध्ये तिथली विजेची मालगाडी बंद झाली. तांब्याची तार भंगारात विकून पैसा करायचा बेत होता. आणि 1973 मध्येच तेल भडकलेले, बघा!

याला मूर्खपणा म्हणून मोकळे होता येत नाही. तिकडे कंपनीला तार स्वतःच्या खिशातून ओढायची; फायदा दिसायला पंचवीस-तीस वर्षे, भागधारकाला लाभांश यंदाच हवा. आपल्याकडे जीआयपी 1925 मध्येच सरकारी व्यवस्थापनाखाली आली. सरकारला दम धरता येतो, आणि आपले बरेचसे तेल परदेशातून यायचे. म्हणून दोन विजांचा घोळ आपण तार काढून नव्हे, घाटातली वीज बदलून मिटवला.

पण त्या सावकाशीची किंमत आपल्यासारख्या जिल्ह्यांनी मोजली. हिंगोलीवरून जाणारा अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज व्हायला 2008 उजाडले. तोवर मुंबईत विजेची गाडी धावू लागून 83 वर्षे झाली होती.