वस्तुपाठातली वस्तू

दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, हे वाक्य शाळेत न ऐकलेला माणूस सापडणे कठीण. टिटवाळ्यात ते वर्षातले दोन दिवस सोडले तर कधीच खरे नसते. काळू नदीच्या काठचे हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १९.३ अंशांवर आहे. सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो तो एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा जुलैच्या अखेरीस. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते, दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले असते. शिवाय घड्याळातले बारा म्हणजे इथली खरी माध्यान्ह नव्हेच. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि टिटवाळा ७३.२ अंशांच्या आसपास, त्यामुळे सूर्य सर्वांत उंच चढतो तो साडेबाराच्या सुमारास. मैदानात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करावी. २१ डिसेंबरच्या माध्यान्ही तिची सावली ९२ सेंटिमीटर भरते आणि उत्तरेकडे पडते. २१ मार्चला ती ३५ सेंटिमीटरवर येते. २१ जूनच्या सुमारास ऊन मिळालेच तर ती जेमतेम ७ सेंटिमीटर असते आणि दक्षिणेकडे वळलेली असते. भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असू शकतो, हे परिसर अभ्यास शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांच्या नजरेतून सुटलेले असते. यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या प्रशिक्षणात त्यांना ते वाक्य मिळाले, काठी रोवायला कुणी सांगितले नाही. मराठी मुलखात शिक्षक घडवण्याचे काम जवळजवळ दोनशे वर्षे चालू आहे आणि निसर्गविज्ञानाच्या बाबतीत त्या काळाचा मोठा भाग शिक्षकाच्या हाती वाक्य देण्यात गेला, असे माझे म्हणणे आहे.

ज्ञान मराठीत नव्हते म्हणून असे झाले, हे स्पष्टीकरण टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या शिक्षण संस्थेने देशी भाषांतल्या शाळांसाठी शिक्षक तयार करायला घेतले, तेव्हाच कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली होती. १८४० साली निघालेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकात शास्त्रीय विषयांवरचे लेख येत होते. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर १८४५च्या सुमारास मुंबईच्या अध्यापक वर्गाचे, म्हणजे नॉर्मल स्कूलचे, प्रमुख झाले. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही बाळशास्त्रींनी पाहिले होते. वेधशाळेचे काम म्हणजे ठरल्या वेळी पाहायचे, पाहिलेले मांडून ठेवायचे, उद्या पुन्हा पाहायचे. ही शिस्त अंगी असलेला माणूस आपल्या पहिल्यावहिल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या मुळाशी उभा होता. १८४६ साली ते गेले. पुढे १८५५ साली सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजची धुरा सांभाळणाऱ्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांचा ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ १८६१चा. तेव्हा पुस्तक वेळेवर आले होते. वेधशाळेतली सवय मात्र अध्यापक वर्गाच्या खोलीत आली नाही. खात्याचा निरीक्षक शाळा तपासायला येई तो वाचन, लेखन, गणित आणि पाठांतर पाहायला. मास्तराची परीक्षा ज्याच्यात होणार, तेच तो शिकवणार, हे स्वाभाविकच होते.

या काळाची खूण एका शब्दात उरली आहे. ‘वस्तुपाठ’ म्हणजे आज आपण अनुकरणीय उदाहरण समजतो: अमक्याचे जीवन म्हणजे त्यागाचा वस्तुपाठ. हा शब्द मुळात शाळेचा. स्वित्झर्लंडच्या पेस्टालोझीच्या विचारांतून निघालेली, प्रत्यक्ष वस्तू मुलांच्या हाती देऊन शिकवण्याची पद्धत इंग्लंडमार्गे आपल्या ट्रेनिंग कॉलेजांत आली. मिठाचा खडा, चिंचेचे पान, लोखंडाचा तुकडा मुलाने हाताळायचा, रंग-रूप-वजन सांगायचे आणि त्यातून शब्द व विचार घडवायचे, हा तिचा गाभा. पण ती टाचणाच्या चौकटीत गेली. वस्तूचे गुणधर्म शिक्षकाने फळ्यावर क्रमाने लिहायचे, मुलांनी एका सुरात म्हणायचे. वस्तू टेबलावर पडून राहिली तरी पाठ पूर्ण होई. पुढे शब्दातूनही वस्तू निघून गेली आणि नुसता उपदेश उरला. एखाद्या पद्धतीचे शाळेत काय झाले, हे तिच्या शब्दाच्या प्रवासाइतके क्वचितच कशातून कळते.

चूक नेमकी कुठे आहे हे ज्यांना लवकर उमगले, त्यांत महात्मा फुले अग्रभागी आहेत. १८८२ साली शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाविषयी मागणी केली ती अशी: तो प्रशिक्षित असावा, त्याचा पगार बारा रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा आणि शक्यतो तो शेतकरी वर्गातला असावा, ज्याला नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरायची लाज वाटणार नाही. अभ्यासक्रमात त्यांनी शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मागितले. या मागणीकडे बहुधा जातीच्या प्रश्नाच्या अंगाने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण ती निसर्गविज्ञानाच्या अध्यापनाविषयीचीही मागणी आहे. माती हाताळण्यात कमीपणा मानणारा माणूस मातीविषयी शिकवू शकणार नाही, हे फुल्यांनी ओळखले होते. विज्ञान शिकवण्याआड केवळ अज्ञान येत नाही, हात मळवून घेण्याची लाजही येते आणि ती व्याख्यानाने जात नाही.

ही लाज मोडण्याचा सर्वांत चिवट प्रयत्न टिटवाळ्याच्याच जिल्ह्यात झाला. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. तोवर डहाणू तालुका ठाणे जिल्ह्यात होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली त्याच तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती; म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे, काटक्या ही साधने झाली. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात जाऊ दे, म्हणून कुरणशाळा निघाली. इथे शिक्षकाला एक अवघड गोष्ट पचवावी लागे: समोरचे मूल झाडांविषयी त्याच्याहून जास्त जाणते. कुठल्या कंदाला खाज येते, खेकडा कोणत्या बिळात असतो, मोहाची फुले कधी गळतात, हे वारली मुलाला ठाऊक. शिक्षकाकडे या माहितीची मांडणी करण्याचे, तुलना करण्याचे, का असे विचारण्याचे कौशल्य. उत्तर शिक्षकाजवळच असले पाहिजे, हा समज अशा शाळेत चालूच शकत नाही. विकासवाडीत, म्हणजे कोसबाडच्या या केंद्रात, बालवाडी, प्राथमिक शाळा आणि शिक्षिकांचे प्रशिक्षण एकाच आवारात होते. त्यामुळे शिकणाऱ्या बाईला मुलांपासून दूर कुठल्या वर्गखोलीत बसून बालशिक्षण ऐकावे लागले नाही.

इथे पहिला मोठा आक्षेप उभा राहतो. तो असा की प्राथमिक शिक्षकांपैकी अनेकांनी दहावीनंतर विज्ञान घेतलेलेच नसते. आशय कच्चा असलेल्या माणसाला निरीक्षण करायला लावून काय मिळणार? आधी विषय पक्का करा, पद्धत नंतर. या आक्षेपात तथ्य आहे. सावली का सरकते हे ज्याला मुळीच ठाऊक नाही, तो नोंदींचा ढीग करील आणि त्यातून काहीच काढू शकणार नाही. पण विषय पक्का करण्याचा मार्ग कोणता, यावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४पासून काम करत आले आहे. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांच्या शिक्षकांबरोबर प्रकल्प चालवला. केंद्राच्या त्या काळातल्या कामातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: विज्ञान अवघड जाते त्याचे एक मोठे कारण पुस्तकातली मराठी हेच आहे. संस्कृत संज्ञांनी लगडलेले लांब वाक्य मुलाला समजत नाही आणि शिक्षकही ते न उलगडता पुढे जातो. मग आशय पक्का करायचा म्हणजे शिक्षकाला अशी आणखी वाक्ये द्यायची, की ज्या घटनेसाठी ते वाक्य लिहिले गेले ती घटना त्याच्यासमोर घडवायची? ‘बाष्पीभवन’ हा शब्द पाठ असलेला शिक्षक आणि ओल्या फडक्याचे दोन तुकडे, एक पंख्याखाली आणि एक कपाटात, वाळवून घड्याळ पाहिलेला शिक्षक, या दोघांत आशय कुणाचा पक्का, हे सांगायला नको. जयश्री रामदास यांच्या पुढाकाराने याच केंद्रात तयार झालेल्या प्राथमिक विज्ञानाच्या पुस्तकांत शिक्षकाच्या पुस्तिकेला मुलाच्या पुस्तकाइतकेच महत्त्व दिले गेले, त्यामागे हाच विचार आहे.

दुसरा आक्षेप संख्येचा. कोसबाडला अनुताई होत्या, खिरोद्याला शास्त्रज्ञ गेले. राज्यातल्या लाखो शिक्षकांसाठी अशी माणसे कुठून आणायची? याचे उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोगातून विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला. १९७८मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला, १९८२नंतर एकलव्य संस्थेने तो सांभाळला. शिक्षक सरकारी होते, साधे होते. उन्हाळी शिबिरात पुस्तकातला प्रत्येक प्रयोग त्यांनी स्वतः करायचा, चुकला तर का चुकला ते बोलायचे, वर्षभर मासिक बैठकीत वर्गातल्या अडचणी आणायच्या, अशी रीत होती. काही वर्षांत त्यांच्यातलेच शिक्षक इतरांना शिकवू लागले. मुलांना पुरेशी माहिती मिळत नाही, ही तक्रार त्या कार्यक्रमाविषयी होत राहिली आणि तिची दखल घ्यायलाच हवी. नकाशातले खंड आणि ग्रहांची नावे प्रयोगातून सापडत नाहीत, ती सांगावीच लागतात. पण कार्यक्रम थांबला तो २००२ साली सरकारी निर्णयाने. तीस वर्षे एका पद्धतीने चाललेल्या कामाला ‘साध्या शिक्षकांना जमत नाही’ असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे संख्येचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत प्रशिक्षण संस्था निघाल्या. ठाणे जिल्ह्याची बदलापूरजवळ राहटोलीला आहे. १९८७पासून खडू-फळा योजनेत शाळांना विज्ञानाची साहित्यपेटी मिळाली. प्रशिक्षण मात्र उतरंडीसारखे रचले गेले: राज्याच्या तज्ज्ञांनी जिल्ह्याच्या साधनव्यक्तींना सांगायचे, त्यांनी तालुक्याला, तालुक्याने केंद्राला, म्हणजे जवळजवळच्या शाळांच्या गटाला. माहिती अशी खाली उतरू शकते. हाताचे कसब उतरत नाही. वरच्या पायरीवर तीन तासांचा प्रयोग असेल, तर शेवटच्या पायरीवर त्याचे वर्णन पोचते आणि पेटी कपाटात राहते. टिटवाळ्यात याला आणखी एक गुंता आहे. शहरातल्या शाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या, आजूबाजूच्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या. दोघांची मुले तीच काळू पाहतात, पण त्यांच्या शिक्षकांची यंत्रणा वेगळी.

तिसरा आक्षेप मनाला सर्वांत जास्त लागणारा आहे. परिसरातून शिकवा, हे नेहमी गरिबांच्याच मुलांना सांगितले जाते. शेतकऱ्याच्या मुलाला शेत, आदिवासीच्या मुलाला जंगल, आणि संगणक दुसऱ्या कुणाला. हस्तकामातून शिकवणाऱ्या नई तालीमवर हा आरोप झाला आणि तो निराधार नव्हता. पण फुल्यांचे निवेदन पूर्ण वाचले, तर त्यात नांगराच्या मुठीशेजारी इतिहास, भूगोल आणि व्याकरणही आहे. परिसर हा शिक्षणाचा शेवट नसून पुराव्याची पहिली जागा आहे. काठीच्या सावलीने टिटवाळ्याचे अक्षांश काढणारे मूल पृथ्वीच्या आकारापर्यंत त्याच काठीने जाऊ शकते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये तसेच केले. त्यासाठी दुसऱ्या अक्षांशावरच्या एखाद्या शाळेतल्या शिक्षकाने त्याच दिवशी सावली मोजून फोनवर आकडा कळवला आणि दोन गावांमधले दक्षिणोत्तर अंतर नकाशावर मोजले की पुरे. मांडा-टिटवाळ्याच्या नव्या इमारतींत वाढणाऱ्या मुलाला नदी दूर असेल, गच्ची दूर नाही.

शिक्षकाला वेळ कुठे आहे, या प्रश्नापुढे मात्र माझ्याकडे युक्तिवाद नाही. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांतून उरलेल्या वेळात तो शिकवतो आणि हा भार कमी केल्याशिवाय कुठल्याही प्रशिक्षणाची भाषा करणे त्याच्यावर अन्याय आहे. म्हणूनच नवे शिबिर मागण्यापेक्षा जे आहे त्याचा उपयोग व्हावा. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरतेच. होशंगाबादची मासिक बैठक यापेक्षा फार वेगळी नव्हती. फरक होता तो शिक्षक तिथे काय घेऊन येत यात. जुलैच्या परिषदेला प्रत्येकाने काळूच्या पाण्याची एक बाटली आणावी, हलवून टेबलावर ठेवावी आणि तासभर पाहावी: आधी रेती बसते, मग गाळ, बारीक चिकण कण दुसऱ्या दिवशीही तरंगत असतात. बाटली पुसून तारीख लिहावी. जानेवारीत त्याच ठिकाणचे पाणी दुसऱ्या बाटलीत भरावे, दोन्हींतला गाळ पट्टीने मोजावा, आणि मग नदीकाठच्या चिखलाचा पाठ कुणी कसा घेणार यावर बोलायला बसावे.